कोल्हा तिकडे पसरतोय, मग इकडे गप्प का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपात कोल्हे वाढत चाललेत, अशी बातमी कुणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवली आणि तेव्हापासून मला येणारे प्रश्न थांबेनात. गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सगळीकडून. बहुतेकांच्या शेवटी एकच वाक्य: "आमच्याकडे तर आता कोल्हेकुई ऐकूसुद्धा येत नाही." प्रत्येकाला तेच तेच टाइप करण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवतो. प्रश्न तुमच्याच शब्दांत आहेत. कोंबड्यांच्या प्रश्नातल्या शिव्या तेवढ्या काढल्या.

१. कोल्हा म्हणजे नक्की कुठला? आमच्यात कोणी खोकडाला कोल्हा म्हणतं, कोणी रानकुत्र्याला.

कोकणीत ज्याला आपण कोलो म्हणतो, तो. गावठी कुत्र्याहून जरा लहान, पाय बारीक, तोंड निमुळते, अंग मळकट पिवळे-तपकिरी, पाठीवर काळसर केस. शेपूट झुपकेदार, टोकाला काळी. वजन आपल्याकडे साधारण ७ ते ११ किलो. खोकड त्याच्या निम्म्यानेही भरत नाही. रानकुत्रा, म्हणजे कोळसुंदा, तांबूस असतो आणि कळपाने जंगलात फिरतो. लांडगा कोल्ह्याच्या दुप्पट, आणि तो घाटावरच्या कोरड्या माळांचा.

गोंधळ शाळेत सुरू झाला. इंग्रजी गोष्टींतल्या 'फॉक्स'चे मराठीत 'कोल्हा' झाले आणि परक्या खोकडाची आंबट द्राक्षे आपल्या कोल्ह्याच्या गळ्यात पडली. त्याची खरी म्हण वेगळी आहे: कोल्हा काकडीला राजी. खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे या म्हणीतच आहेत.

२. युरोपात पसरतोय म्हणजे किती? दोनचार कुठे दिसले की बातमी करतात.

दोनचार नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातला कोल्हा ग्रीस, क्रोएशियाचा दाल्मेशिया किनारा, बल्गेरियाचा एखादा कोपरा अशा तुकड्यांत उरला होता. बल्गेरियाने १९६२ मध्ये त्याला संरक्षण दिले आणि १९८५ पर्यंत तिथला त्याचा व्याप ३३ पटींनी वाढला. हंगेरीतून तो विसाव्या शतकाच्या मध्याला नाहीसा झाला होता, तिथेही परतला. हंगेरियन लोक त्याला 'नादी फर्काश' म्हणतात, म्हणजे बोरूच्या बेटातला लांडगा. एस्टोनियात २०१३ मध्ये त्याची खात्री पटली, डेन्मार्कमध्ये २०१५ मध्ये, नेदरलँड्समध्ये २०१६ मध्ये. २०२० च्या जुलैत नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, फिनमार्कमध्ये, कॅमेऱ्यात सापडला. ध्रुववृत्ताच्याही वर. २०१८ च्या सुमाराला सगळ्या युरोपात ९७,००० ते १,१७,००० कोल्हे असल्याचा अंदाज होता. लांडगे तेव्हा होते सुमारे १७,०००.

पण एक सांभाळा. 'दिसला' आणि 'बिऱ्हाड केले' यांत फार अंतर असते. तरणे नर शेकडो किलोमीटर भटकतात, म्हणून नकाशावरचा सगळ्यात उत्तरेचा ठिपका बहुधा एकट्या नराचा असतो. जर्मनीत तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस दिसला, पण पिल्ले झाल्याचा पुरावा मिळाला २०२१ मध्ये. बातमी ठिपक्याची होते, पसारा पिल्लांनी होतो.

३. पण का? एका वाक्यात कारण सांगा ना.

एका वाक्यात: मोठा भाऊ घरातून हाकलला गेला, ताट उष्टे राहिले आणि अंगणात रान माजले.

आता सविस्तर. लांडगा कोल्ह्याला खपवून घेत नाही, सापडला तर मारतो. युरोपातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या लांडग्याला गोळ्या घातल्या, सापळे लावले, विष घातले. त्याच्या जागा मोकळ्या झाल्या. मोठा शिकारी उठला की मधला पसरतो, हे इतरत्रही दिसले आहे. अमेरिकेत लांडगा संपवल्यावर कायोटी, म्हणजे तिथला कोल्ह्यासारखा प्राणी, असाच गवताळ मुलखातून पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला.

मग कोल्हा लगेच का नाही पसरला? कारण लांडग्यासाठी टाकलेले विषारी मांस तोही खात होता. लांडग्यापेक्षा जास्तच, कारण पडलेले खायची सवय त्याची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विष टाकणे कमी झाले, तेव्हा दोघांनाही उसंत मिळाली, पण सावरला आधी कोल्हा. जोडी टिकून राहते, दरवर्षी पिल्ले होतात, आणि आदल्या वर्षीची एखाददुसरी तरणी पोर घरी थांबून धाकट्यांना वाढवते. आपल्या वाड्यांतली एकत्र कुटुंबे मोडली, त्याची अजून चालू आहेत.

दुसरी गोष्ट रानाची. बल्गेरियात उंच झाडांचे जंगल जाऊन जागोजागी दाट झुडुपे आली. १९८९ नंतर पूर्व युरोपातली सहकारी शेते मोडली, माणसे शहरात गेली, शेते पडीक झाली. पडीक शेतात काटेरी झुडूप, झुडपात उंदीर, उंदरामागे कोल्हा.

तिसरी ताटाची. कत्तलखान्यांचा कचरा, मेलेली गुरे गावाबाहेर फेकायची सवय, शिकाऱ्यांनी जागेवरच टाकलेली आतडी. सर्बियातल्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला की युरोपातले कोल्हे वर्षाला १३,००० टनांहून जास्त असे अवशेष फस्त करतात. इथे ती म्हण आठवा. वाघाला सांबर हवे, लांडग्याला मेंढरू हवे, याला उंदीर, बेडूक, खेकडा, बोर, मेलेले वासरू, टाकलेला पाव, काहीही चालते. परिस्थिती बदलली की ज्याच्या मागण्या कमी तो आधी पुढे सरकतो.

४. म्हणजे हवामान बदलाचा काही संबंध नाही?

आहे, पण लोक समजतात तसा पहिल्या नंबरचा नाही. कोल्ह्याला थंडी फारशी अडवत नाही, साचलेला बर्फ अडवतो. पाय आखूड पडतात, खोल बर्फात तो रुततो, उंदीर खाली दडतात. हिवाळ्यात बर्फ कमी दिवस टिकू लागला की तेवढा दरवाजा उघडतो. दरवाजा उघडला म्हणून कोणी घरात राहायला येत नाही, आत खायला आणि झोपायला असावे लागते (प्रश्न ३). सगळ्याचे खापर तापमानावर फोडले की विष, कचरा, पडीक शेती या माणसाच्या हातातल्या गोष्टी बाजूला पडतात. म्हणून ते उत्तर सोयीचे वाटते, असे माझे मत.

५. कोणीतरी आणून सोडले असतील. आपोआप प्राणी एवढ्या लांब जातो?

एस्टोनिया आणि शेजारच्या बाल्टिक देशांतही हीच शंका घेतली गेली. २०१५ च्या सुमारास जनुकीय तपासणी झाली, तेव्हा तिथले कोल्हे कॉकेशस आणि आग्नेय युरोपातल्या कोल्ह्यांशी जुळले. चालत आलेले पाहुणे, कोणी गाडीत घालून आणलेले नव्हेत. सोडलेला प्राणी कसा असतो ते पाहायचे तर रॅकून डॉग पाहा, कुत्र्याच्याच कुळातला एक झुबकेदार केसांचा प्राणी. सोव्हिएत राजवटीत फरसाठी तो पूर्व आशियातून आणून पश्चिमेकडे सोडला आणि तिथून युरोपभर गेला. दोघे शेजारी दिसतात, पण कायद्याच्या नजरेत फरक पडतो: स्वतः आलेल्याला 'परका' ठरवून संपवता येत नाही.

६. आफ्रिकेतला कोल्हा पण हाच ना?

पूर्वी तसेच समजत. २०१५ मध्ये जनुकांवरून कळले की आफ्रिकेतला 'सोनेरी कोल्हा' वेगळीच जात आहे आणि लांडग्याला जास्त जवळची आहे. त्याला आता आफ्रिकन लांडगा म्हणतात. युरोपातला आणि आपला मात्र एकच.

७. युरोपात लांडगे परत वाढतायत म्हणे. मग कोल्हे मागे हटतील?

जिथे लांडग्यांचा कळप पक्का बसला तिथून कोल्हा सरकतो, पण फार लांब जात नाही. लांडगा माणसाला टाळतो, म्हणून कोल्हा गावाच्या कडेला येऊन राहतो, माणसाच्या आडोशाला. परसातली कोंबडी हा वरचा फायदा. सगळा मुलूख पुन्हा लांडग्याचा होईल अशी जागाच युरोपात उरलेली नाही, त्यामुळे १९०० सालचा नकाशा परत येणार नाही.

८. आमच्या लहानपणी दिवेलागणीला सड्यावरून (कातळाच्या उघड्या पठारावरून) कोल्हेकुई यायची. आता का नाही?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला. उत्तर एकच नाही, म्हणून थोडे लांबेल.

पहिली गोष्ट जागेची. गोव्याची अभयारण्ये जवळजवळ सगळी पूर्वेला, सह्याद्रीच्या कडेला आहेत: म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव. तिथे बिबटा, कोळसुंदे, अधूनमधून पट्टेरी वाघ. कोल्ह्याला दाट जंगल फारसे मानवत नाही. त्याची घरे सड्यावर, काजूच्या बागायतीत, मोरडावर (चढावरच्या कोरड्या शेतात), खाजनाच्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेताच्या) बांधावर, खारफुटीच्या कडेला, म्हणजे नेमकी जिथे संरक्षण नाही तिथे. आपल्याकडे 'वन्यप्राणी वाचला' म्हणताना नजर पूर्वेकडे असते. सडा कागदोपत्री ओसाड, आणि ओसाड जागेला सगळ्यांत आधी गिऱ्हाईक मिळते. मोपाचा सडा घ्या: ५ जानेवारी २०२३ पासून तिथे विमाने उतरतात. विमानतळ हवा की नको हा वाद इथे काढत नाही. कोल्ह्याच्या बाजूने पाहिले तर सडा म्हणजे करवंदीच्या जाळ्या, कातळातल्या कपारी आणि रात्रीचा काळोख. यांतले काहीच हलवून दुसरीकडे नेता येत नाही.

दुसरी, कंपाऊंड. याकडे कोणी लक्ष देत नाही. पूर्वी भाटाला, म्हणजे माडा-झाडांच्या बागायतीला, कुंपण होते ते निवडुंगाचे, नाहीतर रचलेल्या दगडांचा गडगा. कोल्हा त्यातून आरपार जायचा. आता चिऱ्यांची पुरुषभर उंच भिंत, वर काचा, मध्ये गेट. पाच प्लॉट एकमेकांना लागून असले की त्याची वाट थेट डांबरी रस्त्यावर निघते. मी रस्त्यावर मेलेले तीन कोल्हे पाहिले, तिन्ही अशाच भिंतींच्या टोकाला.

तिसरी, कुत्री. युरोपात उष्टे ताट कोल्ह्याच्या वाट्याला आले, इथे ते मोकाट कुत्र्यांनी आधीच अडवले आहे. हॉटेलच्या मागचे, बाजारातले, मासळीच्या तुकड्यांचे, सगळे. कुत्री टोळीने असतात, त्यांना माणूस घालतो, आणि डिस्टेंपरसारखे रोग ती कोल्ह्यांना देतात. आपल्याकडे लांडग्याचे काम कुत्र्याने घेतले आहे म्हणा ना.

आता उलटी बाजू. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गावच्या खाजनात गेलो होतो. मानस (बांधातले पाणी अडवायचे दार) मोडला, खारे पाणी आत आले, शेती सुटली, आणि मेरांवर (शेतांच्या बांधांवर) खारफुटी चढली. बांधाच्या वळणावर एका चिऱ्यावर कोल्ह्याची विष्ठा होती. त्याला खुणेसाठी उंचवटाच लागतो. काडीने उकलून पाहिली: खेकड्याच्या पाठीचे लाल तुकडे, उंदराचे केस, बोराच्या चार बिया आणि वेफरच्या पाकिटाची चकचकीत पट्टी. दिवस मावळल्यावर पलीकडच्या खारफुटीतून एकाने सूर लावला, मग तिघे-चौघे एकदम. बरोबरचा शेतकरी म्हणाला, "शेत गेलें, कोलो आयलो." पूर्व युरोपातल्या पडीक शेताचीच ही गोष्ट, फक्त खाऱ्या पाण्यातली. तेव्हा 'गोव्यातून कोल्हा संपला' असे सरसकट म्हणू नका. सड्यावरून तो उठतोय, सुटलेल्या शेतात उतरतोय. आणि सुटलेली शेते तशीच राहतील याचीही खात्री नाही, त्यांनाही गिऱ्हाईक आहेच.

९. बिबटे वाढले, त्यांनी कोल्हे खाल्ले. असं आमचे काका म्हणतात.

बिबटा कोल्ह्याला मारतो, हे काकांचे खरे. पण बिबटे वाढले हे कशावरून? देशपातळीच्या अंदाजात गोव्याचा आकडा २०१८ ला ८६ होता, २०२२ ला ७७. ही मोजणी जंगलातली, गावाकडच्या बिबट्यांचा तिला नीट पत्ता नसतो, हेही खरे. तरी गावात जास्त दिसतो म्हणजे संख्येने वाढला, असे होत नाही. कुत्री गावात, म्हणून बिबटा गावात, आणि आता प्रत्येक कोपऱ्यावर सीसीटीव्ही. आधीही तो येत असेल, फक्त त्याचा व्हिडिओ होत नव्हता.

१०. कोल्हे गेले म्हणून मोर वाढले का? आमचं पीक मोर खातात.

कोल्हा जमिनीवरची अंडी आणि पिल्ले खातो, मोराचे घरटे जमिनीवर असते. इथपर्यंत तर्क बरोबर. पण ती अंडी मुंगूस, घोरपड, कुत्रेही खातात, आणि मोराला आवडणारी उघडी, कोरडी, मधेमधे झाडी असलेली जमीन आपणच वाढवली. २०१६ मध्ये मोराला उपद्रवी ठरवण्याची भाषा गोव्यात झाली, तेव्हा या बाजूने फारसे कोणी बोलले नाही. एकट्या कोल्ह्यावर ढकलू नका.

११. दिवसा कोल्हा दिसला, पळालाही नाही. पिसाळलेला असेल?

दिवसा दिसणे एवढ्यावरून नाही. पिल्ले असताना, साधारण उन्हाळ्यात, तो दिवसाही हिंडतो. पण लाळ गळत असेल, तोल जात असेल, अंगावर येत असेल, काठी-धोंड्याला न डरता चावायला धावत असेल, तर लांब राहा, मुले-गुरे आत घ्या आणि वनखात्याला कळवा. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बे भागात कोल्ह्यांना रेबीज असल्याचे तपासणीत निघाले होते, म्हणजे शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

चावला किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी इस्पितळात जाऊन लस घ्या. रानटी जनावराच्या चाव्यावर लशीबरोबर जखमेत द्यायचे इंजेक्शन वेगळे असते, ते विचारून घ्या. गोव्यात कुत्र्यांचे लसीकरण मोठ्या प्रमाणावर झाले आणि २०२१ मध्ये राज्य 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाले. त्याचा फायदा कोल्ह्यांनाही आहे, पण नियंत्रित म्हणजे नाहीसा नव्हे.

१२. आमच्या वाड्यावरचं एक कुत्रं अगदी कोल्ह्यासारखं दिसतं. संकर होतो का?

होऊ शकतो. क्रोएशियात २०१५ मध्ये असे संकर जनुकांवरून सिद्ध झाले, आणि मॉस्कोच्या विमानतळावर वास घेण्यासाठी कुत्रा-कोल्हा संकर मुद्दाम पाळलेले आहेत. पण कोल्हा स्वतःची जोडीदारीण असताना कुत्रीकडे वळत नाही. संकर होतो तो जिथे कोल्हे विरळ आणि कुत्री भरपूर असतात तिथे, मुख्यतः पसाऱ्याच्या कडेवर. तुमचे कुत्रे मात्र बहुधा निव्वळ गावठीच असणार. पिवळट रंग आणि टोकदार कान एवढ्यावर निम्मा गोवा संकर ठरेल.

१३. कोल्ह्याचं शिंग घरात ठेवलं की पैसा टिकतो म्हणतात. कुठे मिळेल?

कोल्ह्याला शिंग नसते. विकतात ती केसांची आणि कातड्याची गाठ असते, बहुतेक वेळा दुसऱ्याच जनावराची. खरी निघाली तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा, खोटी निघाली तर फसवणूक. पैसा दोन्हीकडून जातो.

१४. रात्री कोंबड्या नेतो. विष घालू का?

नाही. कायदा तर आहेच, शिवाय विषारी मांस आधी शेजाऱ्याचे कुत्रे खाईल, मग घार, मग कदाचित वाघसुद्धा. २०२० च्या जानेवारीत सत्तरीत गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले, ते आपण पाहिले आहे. आणि प्रश्न ३ मधले विष काय करते तेही.

खुराड्याला खालून जाळी लावा, कोल्हा उकरतो. दार संध्याकाळी कोंबड्या चढल्या की लगेच बंद करा, जेवणानंतर नको. तो तुमच्या जेवणाची वाट पाहत नाही. मेलेली कोंबडी, मासळीचे पाणी, आतडी माडाच्या बुंध्याशी टाकायची सवय सोडा. आणि आधी चोर कोण ते बघा. मान तोडून धड तिथेच टाकले असेल, एका रात्रीत तीनचार मारल्या असतील, तर बहुधा मुंगूस किंवा कुत्रे. कोल्हा एक उचलतो आणि घेऊन जातो.

१५. भालू ओरडली की मयत होतं, हे खरं का?

जुनी माणसे एकट्या कोल्ह्याच्या त्या कर्कश, तुटक ओरडण्याला भालू म्हणतात आणि ती वाघापुढे ओरडते असे सांगतात. मोठे जनावर जवळ असले की कोल्हा इशाऱ्याचा वेगळा आवाज काढतो, तेव्हा सांगणाऱ्यांनी ऐकले बरोबरच होते. मयताचा संबंध त्या काळात वाघ घराजवळ असण्याशी असेल. आज भालू ओरडली तर कुत्र्याला आत घ्या, बिबटा असू शकतो.

१६. आमच्याकडे अजून ऐकू येतात. कळवून काही उपयोग? आवाज लावून बोलावू का?

आवाज लावू नका. युरोपात अभ्यासक भोंग्यावर कोल्हेकुई वाजवून उत्तर येते का ते ऐकतात आणि त्यावरून कुटुंबे मोजतात, पण ठरलेल्या जागी, ठरावीक वेळा आणि नोंद ठेवून. रोज रात्री गंमत म्हणून स्पीकर लावला तर जोडीला वाटते की परका हद्दीत घुसला, आणि ती पिल्ले टाकून तुमच्या गच्चीकडे धावत येते.

नुसते ऐका. कळवायचे असेल तर तारीख, वेळ, कुठल्या बाजूने आवाज आला (सडा, बागायत, खाजन) आणि एक होता की अनेक, एवढे लिहा. आधी कुत्री भुंकली की आधी कोल्हे ओरडले, हेही. आणि ज्या दिवशी कान देऊन बसलात आणि काहीच आले नाही, तो दिवससुद्धा लिहा. तो कोणीच पाठवत नाही.